तुझ्या नावाची चार पाकिटं

प्रिय खारुताई,

तुझं जाड पाकीट काल, बुधवारी मिळालं. आतला कॉलेजातून नाव काढून घेण्याचा फॉर्मही मिळाला. तू पेन्सिलीनं फुली मारून ‘आजी, इथे सही’ असं जिथे लिहिलं आहेस, ती जागा मला चष्म्याशिवाय सापडली, एवढी दांडगी फुली मारली आहेस. सही अजून केलेली नाही. सोमवारी फॉर्म कॉलेजात पोचला पाहिजे, नाहीतर पुढच्या सहामाहीत नाव अडकून पडेल, हेही वाचलं. मुद्द्याचं या पत्रात येईल, पण लगेच येणार नाही. तू आत्ता ओठ चावत म्हणत असशील, आजी, फाटे फोडू नकोस. पण बाई, रफू करताना कुणी भोकापासून सुरुवात करतं का? दोन बोटं अलीकडून, धड कापडातून सुई घालत यावं लागतं, नाहीतर टाका धरत नाही. शिवाय मला भीती वाटते आहे. जेवणाच्या सुटीत इस्पितळाच्या कपडेखोलीत बसून लिहिते आहे, आणि माझ्याबरोबर काम करणारी कात्रीबाई दर पाच मिनिटांनी विचारते, ‘म्हातारे, मृत्युपत्र करतेस का?’

आधी आनंदाचं सांगते, म्हणजे तुझा चेहरा जरा सैल पडेल. तुझ्या आजीला यंत्र चालवता येतं! तू गेलीस त्याच महिन्यात इस्पितळानं आमच्या तळघरात ते बसवलं. आता प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात काळ्या रेघांचा शिक्का असतो. तो लाल उजेडासमोर धरला, की पडद्यावर चादरीची सगळी कुंडली येते, कुठल्या मजल्यावरची, कितीदा धुतली, कितीदा शिवली. मग आपण बोटानं सांगायचं, ही शिवायची, ही डागाळलेली, ही बाद. मोठ्या सिस्टरनं सगळ्यांना एकत्र उभं करून एकदाच दाखवलं, भराभर, आणि विचारलं, कळलं ना? सगळ्या म्हणाल्या, कळलं. मीही म्हणाले कळलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. त्यानंतर पंधरा दिवस मी भिंतीकडे तोंड करून टाके घालत बसायची, आणि यंत्राकडे जायची वेळ आली की मला नेमकं संडासला लागायचं. कात्रीबाई म्हणाली, ‘हिला एक तर मधुमेह झालाय नाहीतर प्रेम.’ मी हसले. आतून मात्र मला घाम फुटलेला, कारण सिस्टर म्हणाली होती की ज्यांना जमणार नाही त्यांचा महिनाअखेर विचार करू. माझा विचार करू म्हणजे काय, हे मला सत्तराव्या वर्षी कुणी समजावून सांगायला नको.

तर मला ते जमलं. आता नवीन आलेल्या दोघींना मीच शिकवते. मुलीसारखी दिसणारी एक आहे, ती मला ‘मॅडम’ म्हणाली. मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. कसं जमलं ते पुढे सांगते, कारण ते माझं एकटीचं काम नव्हतं, आणि ज्या कुणामुळे जमलं तिच्याबद्दलच हे पत्र आहे.

तुला मी घाबरट आहे हे माहीत आहे, पण किती ते माहीत नाही. मी लिफ्टमध्ये बसत नाही हे तू पाहिलंस. अकरा वर्षं इस्पितळाच्या सातव्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढते, गुडघे आता दाराच्या बिजागरीसारखे वाजतात, तरी नाही. फोन भलत्या वेळी वाजला तर मी आधी खाली बसते आणि मग उचलते. पण सगळ्यांत जास्त भीती मला छापील पत्त्याच्या पाकिटाची वाटते. तू जाईपर्यंत माझ्या जन्मात अशी तीनच पाकिटं आली होती. एक तुझे आजोबा कामाला होते तिथून आलं, ते कामावर असतानाच गेले त्या आठवड्यात. एक घर रिकामं करा म्हणून. आणि तिसरं तुझ्या शिष्यवृत्तीचं. आठवतं ना? मी ते पाकीट दोन दिवस पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलं होतं. तू शोधून काढलंस, फोडलंस, आणि एवढ्या जोरात किंचाळलीस की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. तुझी निवड झाली होती! शिकायचा, राहायचा सगळा खर्च शिष्यवृत्तीचं मंडळ करणार, आणि वर एक मार्गदर्शक देणार. मी तेव्हा विचारलं होतं, मार्गदर्शक म्हणजे काय, रस्त्यावरची पाटी? तू म्हणालीस, ‘आजी, पाटीसारखंच. आपल्याआधी त्या रस्त्यानं गेलेलं माणूस.’ त्या दिवशी आनंदानं मी उभ्या उभ्या रडले, आणि शेजारणीनं लाटण्यासकट मिठी मारली.

मंडळाचा फॉर्म तू इथेच भरलास, याच खोलीत, याच लाकडी फळीवर, माझी सुटी व्हायची वाट बघत. ‘पत्ता’ म्हणून जी रेघ होती तिथे घरचा पत्ता घातलास, कारण वसतिगृहात खोली मिळायची होती. मी म्हणाले, शाई पसरली बघ. तू फुंकर मारलीस. ती फुंकर मला रोज आठवते, कारण पुढचं सगळं त्या एका ओळीतून झालं. तुझी चूक नाही हं ती. पुढची माझी आहे.

तू गेल्यावर तीन आठवड्यांनी एक पाकीट आलं. छापील पत्ता, त्यावर तुझं नाव. मी बसले. मला वाटलं, शिष्यवृत्ती काढून घेतली. तुझी आई परक्या देशात, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते, तिला फोन करायचा तर तिच्याकडे रात्र. तुला करायचा तर तुझी पहिली चाचणी दुसऱ्या दिवशी. म्हणून मी ते फोडलं. फक्त वाईट बातमी आहे की नाही एवढं बघायला. चौथीपर्यंत शिकलेलं माणूस, एक पान वाचायला मला सगळी दुपार लागली. पण वाचत गेले तसा जीव खाली बसला. एक बाई लिहीत होती. पुलांची तपासणी करते म्हणे, पुलाच्या पोटाखाली दोरानं लटकून भेगा शोधते. तिच्या घरात कॉलेजला जाणारी तीच पहिली. मंडळानं तिला तुझी मार्गदर्शक नेमली होती. तिनं लिहिलं होतं, पहिले सहा महिने आपण फोन करायचा नाही, भेटायचं नाही, फक्त कागदावर लिहायचं, मंडळाची तशी पद्धत आहे, कारण कागदावर माणूस कमी लाजतं. आणि शेवटी लिहिलं होतं, आठ दिवसांत उत्तर पाठव, शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी ते लागतं.

हो. मी तुला ते पाकीट पाठवायला हवं होतं. एका ओळीचं काम होतं, घरचा पत्ता खोडून वसतिगृहाचा लिहायचा. मी ते करणारही होते. पण आठ दिवस लिहिलेलं, त्यातले पाच टपालातच गेलेले, आणि तू फोनवर म्हणालीस की तुला श्वास घ्यायला वेळ नाही. मला भीती वाटली की पत्र तुझ्याकडे जाईपर्यंत आठ दिवस उलटतील आणि सगळं हातचं जाईल. म्हणून मी ठरवलं, आपणच दोन ओळी लिहून टाकू, हजेरी लावल्यासारख्या. पुढचं पत्र आलं की पाठवू. खारुताई, मी शपथेवर सांगते, त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं.

पण तिनं विचारलेलं काय होतं ते ऐक. अभ्यास कसा चाललाय, असं नव्हतं विचारलं. तिनं विचारलं होतं, तू जेवायला कुणाबरोबर बसतेस? आठवड्यातला कुठला दिवस सगळ्यांत जड जातो? न कळलेलं असं काय आहे, जे विचारायची तुला लाज वाटली? आता या प्रश्नांना तुझ्या वतीनं मी काय उत्तर देणार? तू कुणाबरोबर जेवतेस हे मला कुठे ठाऊक होतं? तू तर फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणायचीस. खोटं लिहिणं मला जमेना. म्हणून मी खरं लिहिलं, माझं. लिहिलं, हल्ली मी एकटीच जेवते, आणि अर्धं ठेवून देते. जड दिवस रविवार. नवीन यंत्र आलं आहे, सगळ्यांना जमतं, मला जमत नाही, आणि मी कळलं म्हणून मोकळी झाले. जिने फार आहेत, गुडघे दुखतात, बिजागरीसारखे वाजतात. खाली तुझं नाव घातलं. अक्षर बघ तू कधी, उंदीर शाईतून चालल्यासारखं आहे.

दुसरं पत्र दोन आठवड्यांत आलं. आता खरं लाजेचं सांगते. पहिलं पत्र मी भीतीनं फोडलं होतं. दुसरं हावेनं फोडलं. अगं, एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की मी कुणाबरोबर जेवते. तुझे आजोबा गेल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसं चालवणार. तुझी आई गेल्यावर विचारलं, पोरीचं कसं होणार. माझं काय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही, आणि मलाही नाही. तिनं लिहिलं होतं, ‘सगळ्यांना कळलं असं तुला वाटतं ना? त्यातल्या निम्म्या तुझ्यासारख्याच मान हलवत असतात. सगळ्यांसमोर हात वर करू नकोस, ते पुढे येईल. जी गोष्ट विचारायची लाज वाटते, ती एकाच माणसाला विचार. सगळ्यांत हुशार माणूस निवडू नकोस, त्याला आपण कसे शिकलो ते आठवत नाही. तुझ्यापेक्षा चार पावलं पुढे असलेलं निवड. आणि बसायची जागा बदल, यंत्राच्या जवळ बस.’

मी दुसऱ्या दिवशी माझं स्टूल उचललं आणि भिंतीपासून यंत्राशेजारी नेऊन ठेवलं. कात्रीबाई म्हणाली, ‘काय गं, उजेड कमी पडतो का?’ मी म्हणाले, ‘तुझ्याजवळ बसावंसं वाटलं.’ तिनं आपलं स्टूल सरकवून मला जागा केली. मग हळूच विचारलं, हे लाल लागल्यावर पुढे काय करायचं? ती म्हणाली, ‘तुलाही माहीत नाही? मी इतके दिवस अंदाजानंच दाबतेय.’ आम्ही दोघी तोंडात चादरीचं टोक कोंबून हसलो. मग दोघींनी मिळून कागदावर तीन गोष्टी लिहिल्या आणि यंत्राच्या बाजूला चिकटवल्या, आणि तेव्हापासून आम्ही एकत्र जेवतो. तिला आधी मी खडूस समजत होते. आहेच, पण चांगली खडूस आहे.

हे सगळं मी पूलवालीला कळवलं. तुझ्या नावानं. तिनं तिसऱ्या पत्रात शाबासकी दिली. मी ती शाबासकी ब्लाउजमध्ये घालून फिरले. त्याच पत्रात तिनं एक ओळ लिहिली होती, ‘गुडघ्यांचं मी मनावर घेतलं आहे, मंडळाच्या बाईंशी बोलले.’ मला वाटलं, औषधबिषध पाठवणार असतील.

आणि त्यानंतर तुझा तो फोन आला, तू रडतच होतीस. तुला वसतिगृहातल्या बाईंनी एका दिवसात तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं, भांडी घासायच्या जागेशेजारच्या खोलीत, एकटीला. का, तर म्हणे वरून सांगितलंय, तुझ्या तब्येतीसाठी. तू म्हणालीस, ‘आजी, माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?’ तुझी वरची जोडीदारीण, ती उंच मुलगी, जी तुला आकृत्या काढायला शिकवायची, ती वरच राहिली. तुला तिथे जीव लावणारी ती एकच होती, तीही तुटली. मी फोनवर म्हणाले, असेल काहीतरी कारण. खारुताई, कारण मला ठाऊक होतं. फोन हातात धरून मी कपडेखोलीतल्या मळक्या चादरींच्या ढिगावर बसले होते आणि मला कारण ठाऊक होतं. गुडघे माझे होते.

त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता वाटायला लागलं की हा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या नावानं सही करणं म्हणजे पोलीस येतात, असं कात्रीबाईचा जावई कधीतरी म्हणाला होता. मला वाटलं, मी तोंड उघडलं की मंडळ म्हणेल, लबाड घर आहे, काढा मुलीला. म्हणून मी गप्प बसले आणि तिसऱ्या पत्राला उत्तरच दिलं नाही. दारावर कुणी खाकरलं तरी दचकायची. जिन्यात अनोळखी बूट वाजले की गॅस बंद करून बसायची, जणू गॅस बंद असला की ते परत जातील.

काल एकाच दिवशी दोन पाकिटं आली, तुझं आणि तिचं. तिचं चौथं. तिनं लिहिलं होतं, ‘तुझं पत्र नाही, मला काळजी वाटते. मंडळाची परवानगी काढली आहे. या रविवारी सकाळी अकराला मी तुझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी येते. काही बोलायचं नसेल तर नुसतं चालू.’ आणि तुझं पत्र. ते मी तीनदा वाचलं. दोन विषयांत नापास झाले, आजी. शेवटच्या बाकावर बसते. बाकीच्या शिष्यवृत्तीवाल्या मुलींना त्यांच्या मार्गदर्शकांची पत्रं येतात, त्या जेवताना एकमेकींना वाचून दाखवतात, मी ताट घेऊन खोलीत जाते. माझ्या मार्गदर्शकानं एक ओळही लिहिली नाही. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, नेमलेल्या आहेत, लिहितील. चार महिने झाले. त्यांना मी नको असेन. मी इथली नाहीच, मी घरी येते, तुझ्याबरोबर चादरी शिवीन.

‘त्यांना मी नको असेन.’ हे वाक्य वाचलं आणि मला माझ्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. अगं वेडे, तिनं तुला चारदा लिहिलं. चारही मी खाल्ली. तुझ्या वाट्याचं कुणी विचारणारं माणूस तुझ्या आजीनं स्वतःच्या ताटात वाढून घेतलं, आणि गोड लागलं म्हणून परत परत घेतलं. तू नापास झालीस, त्यात तुझ्याइतकीच मी आहे. मी यंत्रात पास झाले ना, ती तुझी शिकवणी होती.

मग मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. चौथ्या पत्राखाली तिनं फोन नंबर दिला होता, अडचण असेल तर म्हणून. आज सकाळी कामावर जाण्याआधी मी तो लावला. उभ्यानं लावला, बसून नाही. तिकडे वाऱ्याचा आवाज होता, ती कुठल्याशा पुलावर होती. मी एका दमात सगळं सांगितलं, मध्ये थांबले असते तर परत सुरू झालं नसतं. तिकडून नुसता वारा ऐकू येत राहिला. मला वाटलं, पडली की काय पुलावरून. मग म्हणाली, ‘म्हणजे गुडघे तुमचे?’ मी म्हणाले, हो. ती हसली, एकदाच, खोकल्यासारखं. म्हणाली, ‘मला वाटत होतं, अठरा वर्षांच्या मुलीचे गुडघे बिजागरीसारखे कसे वाजतात.’ मीही हसायला लागले. तेवढ्यात तिचा आवाज बदलला. म्हणाली, ‘पण आजी, चार महिने ती मुलगी एकटी होती.’ रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, शिष्यवृत्ती जाईल का? ती म्हणाली, मुलीनं काही चुकीचं केलेलं नाही, मंडळाला मी स्वतः सांगेन, तुमच्यावर कुणी पोलीस घालत नाही. खोलीचंही परत बघते, उंच मुलीशेजारची. दोन विषय पुन्हा देता येतात, मी स्वतः पहिल्या सहामाहीत एकात आपटले होते, त्याला इलाज असतो. पण त्या फॉर्मला इलाज नाही. तो एकदा पोचला की शिष्यवृत्ती संपली, मंडळ ती परत देत नाही, तसा नियमच आहे. मी म्हणाले, मग तुम्हीच तिला फोन करून सांगा ना हे सगळं, तुम्हाला बोलता येतं. ती म्हणाली, ‘नाही. रविवारी अकराला मी फाटकाशी असेन. त्याआधी सांगायचं काम तुमचं. तुम्हाला लिहिता येतं, मला चांगलं माहीत आहे.’ खारुताई, त्या एका वाक्यानं मला जेवढी भीती वाटली तेवढी लिफ्टची कधी वाटली नाही.

म्हणून हे पत्र. कात्रीबाईचा जावई उद्या ट्रक घेऊन तुमच्या शहरात येतोय, तो हे पाकीट तुझ्याच हातात देईल, टपालावर मी आता भरवसा ठेवत नाही, स्वतःवर तर नाहीच. आत तुझी चारही पत्रं आहेत. दुसऱ्याचा कोपरा मऊ पडलाय, ते मी सारखं उघडायची म्हणून. ती तुझी आहेत. वाचताना माझी उत्तरं आठवू नकोस, तुझी उत्तरं दे. जेवायला कुणाबरोबर बसतेस, याचं खरं उत्तर तिला दे, ती त्याचं काहीतरी करते, मी पाहिलंय. फॉर्मही आत आहे, सहीशिवाय. तुला अडवायचं म्हणून नाही. ही सही मला तूच शिकवलीस, दुसरीत होतीस तेव्हा, चौथीनंतर पेन सुटलं होतं आणि मी अंगठाच लावायची, म्हणून माझा हात धरून गिरवून घेतलीस. ती तुझ्याविरुद्ध वापरायची नाही आणि तुझ्यापासून चोरून ठेवायचीही नाही. रविवारी तिच्याबरोबर एक तास चाल. त्यानंतरही तुला घरी यायचं असेल, तर मी तिथेच, तुझ्यासमोर सही करीन आणि आपण दोघी एकाच गाडीनं परत येऊ. पण त्यासाठी मला तिथे यावं लागेल, आणि मी इतक्या लांब एकटी कधी आले नाही, गाडी दोनदा बदलावी लागते, सिस्टरकडे सुटी मागायची आहे. ते सगळं मी करीन. मला भीती त्याची नाही. मी फाटकाच्या पलीकडच्या कडेला उभी राहीन, तू रस्ता ओलांडून आली नाहीस तरी चालेल, मला लांबून दिसशील. पूलवालीनं शिकवलंय ना, जे विचारायची लाज वाटते ते एकाच माणसाला विचारायचं. म्हणून एवढं लांबलचक लिहीत इथपर्यंत आले, आणि आता विचारते. तू शनिवारी फोन करून फक्त हो किंवा नाही म्हण, मी उभ्यानं उचलीन. मी येऊ का?

तुझीच, तुझ्या नावानं पुन्हा कधी सही न करणारी,
आजी